केरबाचं बारसं

दादासोने माउस सोडला आणि स्क्रीनवरचं नाव एकदा जवळून, एकदा मागे सरकून वाचलं. केरबा. वर पाळणा, दोन्ही बाजूंना फुगे, कोपऱ्यात लोण्याचं मडकं घेतलेला बाळकृष्ण आणि मधोमध ठळक सोनेरी अक्षरांत केरबा.

तो हसला नाही. पलूसमध्ये फ्लेक्सचं दुकान टाकल्यापासून त्याने लोकांच्या नावाफोटोंचे इतके उद्योग केले होते, की आपल्याशी कुणी खेळ मांडला तर त्याला वासावरून कळायचं. मेव्हण्याच्या, कृष्णातच्या लग्नात त्यानेच वेशीवर फ्लेक्स लावला होता, 'एक वाघ कमी झाला, पंचक्रोशी शोकाकुल'. खाली फेटा बांधलेल्या नवरदेवाचा हसरा फोटो. त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली होती, पण फौजेतला माणूस सूड घ्यायला घाई करत नाही.

"अंजे," त्याने मागच्या दाराकडे हाक टाकली. "तुझा भाऊ पोराचं नाव केरबा ठिवाय लागलाय."

अंजना शेंगा फोडत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"सकाळी सकाळी चेष्टा करू नगासा."

"माझी न्हवं, त्याची हाय. हा बघ मेसेज. 'दाजी, नाव केरबा. दुसरं काही छापू नका.'"

अंजनाने पदराला हात पुसून मोबाईल घेतला. मेसेज वाचला, परत वाचला. मग शेंगांचं ताट बाजूला सारलं.

"आत्या मी. पाळण्याला नाव मी ठिवणार. मी वीरधवल काढून ठेवलंय, बचत गटातल्या बायकांना सांगून मोकळी झालीया. आन आता भरल्या मांडवात मी म्हणू, केरबा?"

"म्हण की. सोपं हाय."

"माझं हसं करायचा डाव हाय ह्यो. त्याचा न्हाई, तिचा."

ती म्हणजे शिवांजली, कृष्णातची बायको. कराडला इंजिनिअरिंगच्या पोरांना शिकवते, तिथेच फ्लॅट आहे. त्याआधी कृष्णातच्या पोस्टिंगवर जोधपूरला होती. अंजनाच्या मनात तिच्याविषयी आधीच बरंच काही साठलेलं होतं. दिवस गेले तरी पाचवा महिना लागेपर्यंत कुणाला कळवलं नव्हतं. जन्मल्यापासून एक फोटो पाठवला नव्हता. आत्याने चांदीचे वाळे नेले, ते पोराच्या पायात दिसलेच नाहीत. भेटायला गेली तर जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेलं, तोंडावर पदर.

"कायतरी दडवत्यात," अंजना म्हणाली.

"पोरात काय खोट तर न्हाई?"

"थू! जिभेला काय हाड?"



दादासोने मोबाईलवर पोरांच्या नावांचं एक पान उघडलं. नाव टाकलं की अर्थ, उगम आणि लोकप्रियता सांगणारं. केरबा टाकलं. अर्थ: तेजस्वी, शांत. शुभ रंग: पिवळा. लोकप्रियता: अत्यंत दुर्मीळ. या नावाची मुले जन्मजात नेते असतात. त्याने गंमत म्हणून दादासो टाकून बघितलं. तोसुद्धा तेजस्वी, शांत आणि जन्मजात नेता निघाला.

"ह्या पानाला काय कळतंय," तो म्हणाला. "केर म्हंजे केर. आमच्या गल्लीत केरबा नाना हुता. त्येच्या वरची भावंडं जगली न्हाईत, म्हणून आईनं त्येला केरात टाकून उचलला. यमानं केर समजून वलांडून जावं म्हणून. ह्यांचं तर पैलंच पोरगं. ह्यांना केराची काय गरज?"

"त्येच म्हणतीया मी. कुणाचं तरी डोकं हाय ह्येच्यात."

"माझ्यावरचा डाव हाय गं. मी छापणार, तू म्हणणार, आन कृष्णा मोबाईलवर काढणार. उद्या गावभर."

शर्ट बदलून त्याने गाडीला किक मारली. डाव असेल तर तो बारशाच्या आधी उलटवायचा, हा त्याचा धंद्याचा नियम होता.

ताकारीवरून कराडला पोचेपर्यंत त्याने मनात दोन-तीन सापळे रचले होते. शिवांजलीने दार उघडलं. तिची आई बाजारात गेली होती, कृष्णात बारशाच्या दिवशीच पोचणार होता. तरी दादासोने बसता बसता आतल्या खोलीच्या दाराकडे नजर टाकली. न जाणो, फौजी पडद्यामागे लपून बसला असला तर.

घर आरशासारखं होतं. फक्त बाल्कनीच्या दारात एका सुपात झाडून काढलेला केर तसाच होता, केस, धूळ, पेन्सिलीची टरफलं. एवढ्या टापटिपीच्या बाईने केर सुपात कशाला ठेवावा? दादासोने ते ध्यानात ठेवलं.

"आक्का नाही आल्या?" शिवांजलीने विचारलं.

"रुसलीया. दे बघू पोरगं हिकडं."

त्याने पोराला मांडीवर घेतलं आणि लाड करता करता हातापायाची बोटं मोजली. कान बघितले. बोट धरायला दिलं, पोराने गच्च धरलं. सगळं जागच्या जागी होतं. उलट चांगलं बाळसं धरलेलं. फक्त गालाला कुणीतरी मुद्दाम काजळ फासल्यासारखं.

"नाव लय भारी काढलंयसा."

"युनिक आहे ना, दाजी."

"कसलं युनिक? आमच्या गल्लीतच हुता की केरबा नाना."

चहाचा कप देता देता तिचा हात थांबला.

"किती वर्षं जगले?"

"आँ?"

"ते नाना. किती वर्षं जगले?"

"नव्वदीला टेकला हुता. तोंडात दात न्हाई आन ऊस खायाला फडात पुढं."

तिने कप खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते दादासोला हसू वाटलं, आणि त्याला वाटलं, आता सापडली. त्याने सापळा टाकला.

"पर नुसत्या नावानं भागत न्हाई बरं का. त्येचं रीतसर शास्त्र असतंय. पोरगं केराच्या सुपात ठिवायचं, आन परक्या माणसानं मूठभर जोंधळं देऊन इकत घ्यायचं. म्हंजे वरच्याला वाटतंय, हे ह्या घरचं न्हवंच. इंजिनिअरच्या पोराला जमंल का केरात झोपाय?"

गुडघ्यावर हात ठेवून तो तिच्या फुटण्याची वाट बघत बसला. आता हसेल, आता आतून कृष्णात टाळ्या वाजवत बाहेर येईल.

शिवांजली उठली, बाल्कनीतून सूप घेऊन आली आणि त्याच्यासमोर खाली बसली.

"आज सकाळचा आहे. टाकला नाही मी," ती म्हणाली. "मोबाईलवर वाचलं, पण प्रत्येक जण वेगळंच लिहितो. कुणी म्हणतं कोंडा, कुणी म्हणतं जोंधळे. विचारायचं कुणाला? आईसुद्धा चालते का विकत घ्यायला?"

"न्हाई," दादासोच्या तोंडून निघून गेलं. "रक्तातलं चालत न्हाई."

"मग तुम्ही घ्याल?"

त्याने पुन्हा एकदा आतल्या दाराकडे बघितलं. पडदा हलत नव्हता.

"अगं पर शिवांजली, हे पैल्या पोराला न्हाई करत..."

ती केरातला एक खडा बोटाने बाजूला काढत होती, पोराला टोचू नये म्हणून. मग दुसरा काढला. मान खालीच.

"जोधपूरला असताना," ती म्हणाली, आणि तिसरा खडा शोधायला लागली.

दादासोने विचारलं नाही. मुलगा की मुलगी, एक की जास्त, काही नाही. पोरगं त्याच्या मांडीवर शिंकलं, तशी तिने झटकन हात पुढे केला आणि परत मागे घेतला.

"वर्गात मी पोरांना रोज सांगते, पुराव्याशिवाय काही मानू नका म्हणून," ती म्हणाली. "आक्कांना सांगू नका. कुणालाच सांगितलेलं नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागतील, आणि मग याच्याकडे."

तिने केरावर जुनं लुगडं अंथरलं आणि पोराला त्यात ठेवलं. डब्यातून जोंधळे आणले. दादासोने मूठ भरली, तिच्या ओंजळीत रिकामी केली.

"मिळालं?"

"मिळालं."

"मग पोरगं कुणाचं?"

"तुमचं," ती म्हणाली. ते म्हणताना तिने पोराकडे बघितलं नाही.

  त्याने पोराला सुपातून उचललं, पाठीला चिकटलेली टरफलं झाडली आणि पुन्हा तिच्या मांडीवर दिलं.

"हे माझं हाय. सांभाळायला तुझ्याकडं ठिवलंय. नीट बघ."

परतताना त्याने गाडी हळू चालवली. एक थाप जुळवली, मोडली, दुसरी जुळवली. दुकानात अंजना वाट बघत होती.

"काय म्हणली?"

"तिचं काय न्हाई त्यात. माझंच काम हाय. मीच कृष्णाला फोन करून म्हणलो, लय दुर्मीळ नाव हाय, पार इतिहासातलं. बेणं खरं मानून बसलं."

"आन सकाळी मला मेसेज दावला त्यो?"

"नाटक."

"मग आता सांगा की, चेष्टा केली, बदला म्हणून."

"आता नगं. तिला आवडलंय. बदलाय नगं."

अंजनाने त्याला खाऊ का गिळू करून बघितलं. तिच्या वीरधवलचं, आत्या म्हणून तिच्या मानाचं, पोराच्या साऱ्या जन्माचं वाटोळं केल्याचं तिने त्याला तासभर ऐकवलं. तो ऐकत राहिला. शेवटी ती दारात थांबली.

"आवं, तुमी हसला न्हाईसा."

"कवा?"

"आत्ता. तुमी आधी हसतासा, मग सांगतासा. कायम."

"मशीन चालू हाय," दादासो म्हणाला आणि आत गेला.

बारशाला पलूसहून कराडला बचत गटाच्या बायका टेम्पो ट्रॅव्हलर करून आल्या. घुगऱ्यांचा वास, नव्या साड्यांची सळसळ. कृष्णात सकाळीच पोचला होता आणि कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता. पाळण्याच्या वरून, खालून पोरगं फिरवून झालं. अंजना वाकली. बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, तिने पोराच्या कानात कुर्र केलं आणि सरळ होऊन मोठ्याने सांगितलं.

"केरबा."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग हशा उसळला.

"आगं, वीरधवल हुतं न्हवं?"

"कुणाच्या डोक्यातनं निघालं हे?"

दादासोने मागून हात वर केला. "माझ्या!" त्यावर बायकांनी त्याला ज्या शिव्या घातल्या, त्या त्याने मान तुकवून, हारतुऱ्यासारख्या घेतल्या. शिवांजलीने पाळण्याची दोरी धरली होती आणि ती फक्त दोरीकडे बघत होती.

हशा ओसरला तशी शेजारची एक म्हातारी पुढे झाली. तिने पोराच्या हनुवटीला हात लावला.

"नाव कायबी असूं दे बाई. पोरगं कसलं राजबिंडं हाय! गुटगुटीत. नजर ठरत न्हाई."

पाळणा थांबला. शिवांजलीच्या हातातली दोरी ताठ झाली होती, आणि दादासोला पुढे जायचं होतं, पण मध्ये बायका होत्या.

"कशाचं राजबिंडं, काकी?" अंजनाचा आवाज सगळ्यांच्या वर निघाला. "रंग बघा की, तव्यावानी. कान ह्ये हत्तीचं. आन रडाय लागलं की फुटक्या पिपाणीवानी. आमच्या घराण्यात असलं येडंबिद्रं कवा झालं न्हवतं."

म्हातारीने तोंडाला पदर लावला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आत्याच असं बोलते? अंजना कुणाकडेच बघत नव्हती, दादासोकडे तर नाहीच. तिने आपला पंजा पोराच्या तोंडावर आडवा धरला होता, ऊन लागू नये म्हणून धरतात तसा. खोलीत ऊन नव्हतं.

शिवांजलीने दोरी तिच्या हातात दिली.

"आणि नाक, आक्का?"

"नाक?" अंजना पाळण्यावर वाकली. "त्येला नाक म्हणत्यात व्हय?"