आप्पांच्या मशीनची चेन

पोत्यावर मांडलं तेव्हा एवढं होतं: झाडं कापायची पेट्रोलवरची मशीन एक, चेन ज्याच्याभोवती फिरते तो वाकलेला बार एक, नट दोन, तुटलेली चेन एक. चेनचे जे दात बारच्या खाचेत चालतात, ते मी दोनदा मोजले. पंचाहत्तर. तुटल्या जागी नुसतं रिवेट गेलं होतं. दात एकही हरवला नव्हता.

मशीन आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. आसपासच्या गावांतली वाळलेली झाडं तेच पाडायचे. मागच्या वर्षी ते गेले, तेव्हा आमच्याच रानात कडुलिंबाखाली त्यांना समाधी दिली. परवाच्या वादळात तो लिंब समाधीवर आडवा झाला. फांद्यांवर तोलून खोड दगडाच्या वीतभर वर अडकलंय. ओढलं किंवा कुऱ्हाडीचा घाव घातला, तर ते खाली बसून दगड फोडणार. शिवपुत्रकाकांनी आप्पांच्या मशीननं कापायला घेतलं, तर खोडानं बारच चिमटला; बार वाकला, चेन तुटली.

उद्या उजाडता पहिलं पुण्यस्मरण. आईला एकच हवं होतं: समाधीच्या दगडाला आपल्या हातानं विभूती लावायची.

"दुसऱ्या कुणाची मशीन आणू का, वहिनी?" काकांनी विचारलं.

"नको. त्यांच्यावरचं झाड त्यांच्याच मशीननं निघू द्या."

म्हणून मी आणि काका गाडीवरून कळंबला गेलो. दुकानदार शंभुलिंग यांनी जुन्या बारची लांबी आणि खाचेची रुंदी मापून तसाच नवा बार काढला. चेन ते रिळावरून तोडून देतात.

"बारवर शहात्तर लिहिलंय. शहात्तर दाताची तोडतो," ते म्हणाले.

"आमच्या चेनला पंचाहत्तर आहेत," मी म्हणाले. "जुन्या बारवर तीच चालत होती."

"नीट मोजलंस का बाई?"

"फिजिक्सची हाय ती," काका म्हणाले. "आभाळातले तारे मोजती, तुमची चेन काय घेऊन बसलाव."

"मग ऱ्हायलं," शंभुलिंग हसले. "तारेवाल्यांशी आमी कशाला भांडावं? घ्या पंचाहत्तर."

गावी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. काकांनी बार बसवला, चेन मागच्या चाकावर अडकवली आणि बारच्या टोकावरून ओढली. चढेना. स्क्रू फिरवून बार जाईल तितका मागं सरकवला. तरी चढेना. मी पट्टी लावली. बार अजून आठ मिलिमीटर मागं जायला हवा होता.

आई कंदिलाची काच पुसत होती. तिनं कमरेचा जुडगा काढून पुढं धरला. किल्ल्यांमध्ये चेनचा एक दात होता, झिजून चकचकीत झालेला.

"त्यांच्या शेवटच्या दिवाळीत चेन लई सैल पडत होती," ती म्हणाली. "तवा एक कडी काढली त्यांनी. मला म्हणले, ठेव, तुझ्या किल्ल्यास्नी सोबत."

मला तेव्हा हिशोब लागला. झिजलेल्या चेनची प्रत्येक कडी केसभर लांबते. झिजलेले पंचाहत्तर मिळून नव्या शहात्तरांएवढे झाले होते. मी मोजणी बरोबर केली होती.

"हीच कडी घालता येईल का, काका?"

"रिवेट दाबायचं यंत्र कळंबात. दुकान उद्या दहाला उघडंल." त्यांनी घाम पुसला. "आणि पूजा उजाडता."

आईनं काच कंदिलावर बसवली.

सकाळी पूजा सांगायला जंगम आले. त्यांनी खोडाकडं पाहिलं, मग आईकडं, आणि बाजूला कांबळं टाकून बसले.

"मी लावतो, वहिनी," काका म्हणाले. "माझा हात लांब हाय."

आईनं मान हलवली. उजव्या हाताच्या तीन बोटांवर विभूती घेतली, पदर खोचला आणि ती खोडाशेजारी पालथी झोपली. दोन फांद्यांमधून तिनं हात आत घातला. कोपर गेलं. दंड गेला. खांदा सालीला भिडला, तेव्हा तिनं गालही सालीला लावला आणि आणखी रेटा दिला. लिंबाचा चुरा तिच्या केसांत पडला.

"किती ऱ्हायलं गं?" तिनं विचारलं.

मी दुसऱ्या बाजूनं वाकले आणि पट्टी आत सरकवली. तिच्या बोटांपासून दगडापर्यंत नऊ सेंटीमीटर.