चाळीस मिनिटांचा रस्ता

सत्तार ड्रायव्हरच्या चाळीस मिनिटांची गोष्ट मांडवगण फराट्यात शेंबड्या पोरालाही पाठ होती. मांडवगणहून सुटलेली पुण्याची एसटी त्यानं चाळीस मिनिटांत कासुर्डीला हायवेवर उभी केली होती आणि तिथल्या चहावाल्यानं आपलं घड्याळ बंद पडलं समजून कानाला लावून बघितलं होतं. हे सगळं खरं होतं. फक्त ते एकदाच घडलं होतं, भाऊबिजेच्या सकाळी, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं आणि गाडीत तीन माणसं होती तेव्हा. एरवी ती गाडी सव्वा तास घ्यायची आणि उसाच्या हंगामात तर देवालाच ठाऊक. पण गोष्टीला एवढा तपशील सोसत नाही. पारावर बसलं की सत्तारनं चाळीस म्हणायचं आणि त्याचा कंडक्टर सावळाराम यानं मांडीवर थाप मारून साक्ष द्यायची, असं दोघांचं रिटायर झाल्यावरही चालत आलं होतं. त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं.

बिघडलं ते मंडळामुळं. शिरूर आणि दौंड अशा दोन तालुक्यांसाठी मिळून आपत्कालीन आरोग्य सल्लागार मंडळ निघालं. नाव एवढं लांबलचक, की बोर्डावर दोन ओळी लागल्या. यवतकडचे डॉक्टर पृथ्वीराज अध्यक्ष झाले, दौंडच्या वकील स्नेहलताई इतिवृत्त लिहायला बसल्या, आणि बाकी शिक्षक, नर्सबाई, औषधवाले धरून नऊ जण झाले. पगार नाही, भत्ता नाही, चहा-बिस्किटं मात्र चुकायची नाहीत. गावकऱ्यांतला रस्त्यांचा जाणकार म्हणून त्यात सत्तारला घेतलं. त्या दिवशी त्याच्या बायकोनं, इमामबीनं, पांढऱ्या सदऱ्याला दोनदा इस्त्री केली.

जूनच्या बैठकीत प्रश्न एकच होता. दोन्ही तालुक्यांच्या या पट्ट्याला मिळून एक नवी रुग्णवाहिका मिळणार होती. ती नदीअलीकडं मांडवगणला ठेवायची की पलीकडं कासुर्डीला? हायवेवर रोजचे अपघात, त्यामुळं डॉक्टरांचं मन कासुर्डीकडं झुकलेलं. पण मांडवगण, वडगाव रासाई या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांचं काय करायचं, हा काटा त्यांना टोचत होता.

"सत्तारभाई, तुम्ही सांगा," ते म्हणाले. "कासुर्डीहून गाडी निघाली तर मांडवगणला किती वेळात पोचेल? तुमच्यापेक्षा जास्त कोणाला कळणार?"

आठ माना सत्तारकडं वळल्या. आयुष्यभर 'ओ ड्रायव्हर, थांबवा की' एवढंच ऐकलेल्या माणसाला एक डॉक्टर आणि एक वकीलबाई सल्ला विचारत होते. त्याची छाती फुगली, हे काही फार मोठं पाप नव्हे. पण जीभ त्या छातीच्या मागोमाग गेली.

"चाळीस मिनटं," तो म्हणाला.

स्नेहलताईंनी पेन थांबवलं. "ऊस सुरू असताना पण?"

इथं त्याला वाट मोकळी होती. खरं सांगायला त्याहून चांगली वेळ पुन्हा कधी आली नसती. तो क्षणभर घुटमळला, आणि मग हसला. "ऊस काय नवा हाय का मॅडम? एकतीस वर्सं त्याच रस्त्यानं गाडी घातलीय म्या. बारा म्हैने चाळीस."

पेन चालू झालं. रुग्णवाहिका कासुर्डीला गेली.

संध्याकाळी पारावर सत्तारनं ही हकीकत सांगितली तेव्हा सावळाराम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "आरं, मग चाळीस कशाला? आडतीस सांगायचं की! मी सही केली आसती." दोघांनी त्यावर आणखी एकेक चहा घेतला. पुढच्या महिन्यात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर निळ्या रंगात ठसठशीत अक्षरं उमटली: 'फोन करा. रुग्णवाहिका ४० मिनिटांत आपल्या दारी.' सत्तार त्या भिंतीवरून जाताना चाल जरा संथ करायचा. कधी अभिमानानं, कधी एसटीचा सव्वा तास आठवून.

डिसेंबरात कारखान्यांची धुरांडी पेटली, रस्त्यांवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांच्या रांगा लागल्या, आणि एका दुपारी चार वाजता सावळारामची बायको तुळजाबाई हिच्या छातीत दुखायला लागलं. सावळारामनं फोन लावला. गाडी कासुर्डीहून निघाली, असं तिकडून सांगितलं. चाळीस मिनिटं झाली, पन्नास झाली, तास होत आला. मग तुळजाबाईला शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये घालून सावळाराम गाडीला सामोरा निघाला. नदीच्या पुलावर एका ट्रॉलीचा आस मोडून ती आडवी झाली होती. पलीकडच्या तोंडाला रुग्णवाहिकेचा दिवा फिरताना दिसत होता. रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर विक्रम ऑक्सिजनचं नळकांडं खांद्यावर मारून, सांडलेला ऊस तुडवत पूल पळत आला. तो पोचला तेव्हा ऑक्सिजनची गरज उरली नव्हती.

मातीला सत्तार गेला, दहाव्याला गेला. सावळारामनं त्याच्याकडं पाहिलं नाही आणि यानंही त्याच्याकडं पाहिलं नाही. पार ओस पडला. सत्तारला रात्रंदिवस एकच वाटायचं, की आपण त्या बाईला मारलं. हातात स्टेअरिंग नसताना मारलं.

जानेवारीत मंडळाची नोटीस आली. विषय एकच लिहिला होता: चाळीस मिनिटांच्या अंतराला पावणेदोन तास लावल्याबद्दल चालक विक्रम याला कामावरून कमी करण्याची शिफारस.

नोटीस आली त्याच्या दुसऱ्या दिवशी विक्रम स्वतः दारात उभा राहिला. तिशीच्या आतलाच, कंत्राटी नोकरीवरचा, घरी बायको बाळंतपणाला टेकलेली. सत्तारला वाटलं, हा शिव्या द्यायला आलाय. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"चाचा, एक इचारू का?" तो ओशाळून म्हणाला. "तुम्ही चाळीस मिनटात गाडी कुठनं घालत व्हता? म्या समदे रस्ते करून बघितले. चौफुल्यावरनं गेलो, आतल्या वाटेनं गेलो. लवकरात लवकर तासाच्या खाली येतच न्हाई. माजंच कायतरी चुकत आसंल. तुम्ही यकदा दाखवा, म्हंजी बैठकीत मला सांगता तरी यील, का आता शिकलो म्हणून."

'बघू' म्हणून सत्तारनं पोराला वाटेला लावलं. आतून इमामबी भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनीच बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"भाऊबीज के दिन की बात है वो," ती म्हणाली. "मेरेकू मालूम, तुमकू मालूम, सावळाभाऊकू मालूम. इस बच्चेकू कौन बताएगा?"

त्यानं मान खाली घातली. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोसमोर त्याला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

बैठक मांडवगणच्या ग्रामपंचायतीतच ठेवली होती, त्या निळ्या अक्षरांच्या भिंतीआड. दाराशी विक्रम हात बांधून उभा होता. मयताचा नातेवाईक म्हणून सावळारामला खुर्ची दिली होती, पण तो तिच्या कडेवर टेकल्यासारखा बसला होता. डॉक्टरांनी कागद वाचायला सुरुवात केली तसा सत्तार उठला.

"ते कागद ऱ्हाऊ द्या, डॉक्टरसायेब. चाळीस मिनटं खोटं हाय. म्या खोटं बोललो."

कुणीतरी बशीत कप ठेवला, त्याचा आवाज झाला. सत्तारनं भाऊबिजेच्या सकाळपासून सगळं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज दोनदा फाटला. स्नेहलताई त्याच्याकडं बघत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत राग होता. त्यांनी विचारलं होतं, आणि तो हसला होता.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता, पण अध्यक्ष होता. "सत्तारभाई, भावना समजली. पण हे इतिवृत्तात कसं घ्यायचं? उद्या वरून विचारतील, एका माणसाच्या शब्दावर मंडळानं गाडी कुठं ठेवायची ते ठरवलं? मंडळच गुंडाळतील. मग पुढची गाडी मागायला तोंड राहील का आपल्याला? आणि पुलावर ट्रॉली आडवी होती हे धरलं, तरी पावणेदोन तास म्हणजे फारच. काही तरी ढिलाई त्याचीही असणारच."

"मग चला," सत्तार म्हणाला. "आत्ता चला. चार वाजायला आलेत, तीच येळ हाय. बाहेर तुमची जीप हाय. म्या चालवतो. तुम्ही घड्याळ लावा."

डॉक्टर काही म्हणायच्या आत स्नेहलताई वही घेऊन उठल्या होत्या. मग डॉक्टरांनाही उठावं लागलं. ते पुढं सत्तारशेजारी बसले, ताई मधल्या सीटवर. विक्रम मागं चढला, आणि त्याच्यामागून, कुणी न बोलावता, सावळाराम चढून दाराशी बसला. सत्तारनं इंजिन सुरू केलं आणि सवयीनं वाट बघत राहिला. एसटीत एक घंटा म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल. दोन पडल्याशिवाय त्याच्या पायानं कधी क्लच सोडला नव्हता. थोड्या वेळानं मागून पत्र्यावर दोन टोले पडले. तुळजाबाई गेल्यापासून सावळारामनं त्याला दिलेला तो पहिला शब्द होता.

गाव सुटेपर्यंत ठीक चाललं. वडगाव रासाईच्या अलीकडं पहिली ट्रॉली लागली, ट्रॉलीपुढं ट्रॅक्टर, ट्रॅक्टरपुढं दुसऱ्याच्या दोन ट्रॉल्या, कडेला बैलगाड्या. समोरून रिकाम्या ट्रॉल्या खडखडत परत येत होत्या, त्यामुळं बाजू काढायची सोय नाही. पुढच्या ट्रॉलीवरची उसाच्या शेंड्यांची वाढी जीपच्या काचेवर घासत होती. सत्तारनं आपलं सगळं कसब लावलं. साइडपट्टीवर उतरला, हॉर्न दाबला, डोकं बाहेर काढून ट्रॅक्टरवाल्यांना हात जोडले. हंगामात तो गाडीत काय काय करायचा, आणि तरी किती उशीर व्हायचा, ते त्याच्या हातांना आठवत होतं. गोष्टीत मात्र ते कधी आलं नव्हतं.

"या पोरानं सायरन वाजवून आणखी काय केलं असतं?" स्नेहलताई कुणालाच उद्देशून म्हणाल्या. डॉक्टर काचेतून बाहेर बघत होते.

पुलाच्या तोंडाशी आले आणि मागून पत्र्यावर एकच टोला पडला. सत्तारचा पाय आपसूक ब्रेकवर गेला.

"हितं," सावळाराम म्हणाला.

पुलावर ट्रॉल्या खोळंबल्या होत्या. स्नेहलताईंनी घड्याळ पाहिलं. "बावन्न मिनिटं," त्या म्हणाल्या. "आणि अजून नदी ओलांडायची आहे."

डॉक्टर बोलले, आणि आवाज अध्यक्षांचा नव्हता. "लिहा ताई. चालकाचा दोष नाही. चाळीसचा आकडा मंडळाचा होता आणि तो न तपासता घेतला. गाडी हंगामात मांडवगणला ठेवावी."

"आकडा मंडळाचा न्हाई," सत्तार म्हणाला. "माजा व्हता. तसंच लिव्हा."

"दोन्ही लिहिते," ताई म्हणाल्या. मागं विक्रमनं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले.

"तुज्या येकट्याचा कसा व्हईल, सत्तार?" सावळाराम म्हणाला. तो नदीकडं बघत होता. "गोष्ट दोघांची व्हती. मला ठावं न्हवतं व्हय? पर भितीवर निळ्या रंगात लिव्हलेलं बघितलं, आन् मला वाटलं, येवढी शिकलेली मानसं बसून लिव्हत्यात, म्हंजी आता खरंच झालं आसंल. शेजाऱ्यानं पिकअप लगीच दारात लावला व्हता. तुळजा म्हनत व्हती, चला, चला. मीच म्हनलं तिला. म्हनलं, थांब गं, चाळीस मिनटात येतीया."

सत्तारनं स्टेअरिंगवर कपाळ टेकलं.

पुलावरच्या ट्रॉल्या हलल्या. एकामागून एक पुढं सरकल्या आणि रस्ता मोकळा झाला. मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला, मग आणखी कुणी दिला. "चला सत्तारभाई," डॉक्टर हळूच म्हणाले. "वाट झाली."

इंजिन चालू होतं, क्लच पायाखाली दाबलेला होता. आरशात सावळारामचा हात पत्र्यावर टेकलेला दिसत होता. सत्तार त्या हाताकडं बघत दोन टोल्यांची वाट पाहत राहिला. हात उचलला गेला नाही. मग सत्तारनं चावी फिरवली आणि गाडी बंद केली.