पोचूची मुलाकात

“याआधी कधी आत होता काय?” खिडकीतल्या शिपायानं मान वर न करता विचारलं.

“होतो ना जी!” पोचू उत्साहानं म्हणाला. “आठ महिने. याच जेलात. रसोड्यात होतो मी.”

शिपायाचा पेन थांबला. सोबत आलेल्या शेजारच्या लटारूनं कपाळावर हात मारला. “अबे, नाई म्हणाचं होतं!”

“काऊन? रजिस्टरात अंगठा हाय ना माह्या.”

शिक्षा भोगलेल्याला साहेबांच्या परवानगीशिवाय भेट नाही, असा नियम निघाला. अर्ज हवा, वर वागणुकीचा दाखला.

“दाखला कुठी भेटते जी?”

“तुमच्या पोलीस ठाण्यात.”

“ज्यायनं पकडलं त्यायच्याचपाशी?”

“हो.”

पोचू सावली गावाकडचा, तळ्यात मासे धरणारा. दोन वर्षांपूर्वी मोहाची दारू नदीपार नेताना सापडला होता. तेव्हा वच्छला, त्याची बायको, दर पंधरा दिवसांनी दोन बस बदलून यायची आणि वेळ संपेपर्यंत त्याला झापायची. आता त्याच दारूपायी तीच आत होती. दोन आठवडे झाले, बाहेरून तिला कुणी भेटलेलं नव्हतं. पोचूनं मात्र तिला झापायची वाक्यं पाठ करून ठेवली होती.

ठाण्यातल्या जमादारानं विचारलं, “वागणूक कशी आहे तुझी?”

“तुमीच सांगा जी. तुमचाच माणूस दर सोमवारी घरी पाहून जाते.”

दोन खेपा झाल्यावर दाखला मिळाला. तो घेऊन पोचू जेलच्या मोठ्या साहेबांसमोर उभा राहिला. साहेबांनी अर्ज वाचला, मग त्याच्याकडे निरखून पाहिलं.

“तू रसोड्यातला पोचू ना? तू गेल्यापासून भाजीत मीठ जमत नाही कोणाला. येतो का परत?”

“भेटाले येतो जी. राहाले नाई.”

साहेब हसले. “भेटायचं कारण लिहिलं नाहीस.”

“ते आठ महिने आली जी माह्यासाठी. एक डाव तरी चुकली नाई.”

साहेबांनी सही केली.

काचेपलीकडे वच्छला येऊन बसली. वाळली होती. पोचूनं फोन कानाला लावला आणि पाठ केलेलं पहिलं वाक्य आठवू लागला.

“तीन हप्ते कुठी होते तुमी?” पलीकडूनच सुरुवात झाली. “मले वाटलं, सोडून देल्ली मले. आन् दाढी काऊन नाई केली? कोंबड्या झाकता का नाई?”

“झाकतो.”

“जेवता का?”

“जेवतो.”

तिचा आवाज बसला. “मी चुकली जी.”

झापायची हीच वेळ होती. “मीबी चुकलोच होतो,” पोचू म्हणाला.

तेवढ्यात फोन बंद पडला. वेळ संपली होती. वच्छला तरीही काचेतून हातानं काहीतरी खुणावत राहिली. कितीतरी वेळानं पोचूला कळलं. त्याच्या सदऱ्याच्या गुंड्या वरखाली लागल्या होत्या.

“चला, चला,” मागून शिपाई म्हणाला.

“एक मिनिट जी.”

पोचूनं सगळ्या गुंड्या काढल्या आणि एकेक करून पुन्हा नीट लावल्या. शेवटची लागली तशी वच्छलानं मान डोलावली. मगच तो निघाला.