घेण्यास नकार

"हे अक्षर ओळखता का?" असं विचारत बँकेच्या साहेबांनी तीन पाकिटं टेबलावर मांडली.

विजयमालाने वाकून पाहिलं. पाकिटं बंदच होती, कोपरे तेवढे झिजलेले. तिन्हींवर निळ्या शाईत, डावीकडे कललेल्या अक्षरात एकच ओळ होती : 'घेण्यास नकार'. अक्षर पूनमसिंग पोस्टमनचं. ती ओळ लिहिताना तो तिच्याच दारात बसायचा, तिनंच दिलेल्या चहाचा कप बाजूला सारून, पाकीट गुडघ्यावर धरून.

"मी मुदत मागायले आली होती साहेब," ती म्हणाली. "तहसीलचे लोकं दारावर कागद चिकटवून गेले. गुरुवारी घर खाली करा म्हंते. दोन-तीन महिने भेटले तं..."

साहेब तिशीतला, पुसदला नवाच बदलून आलेला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर तिला सोपं गेलं असतं.

"ताई, पहिली नोटीस थकबाकीची होती, शेवटची ताब्याची. पण हे मधलं," त्यानं फाइलमधून त्या पत्राची नक्कल काढली, "ही नोटीस नव्हतीच. तुमचे मिस्टर गेल्याचं कळल्यावर बँकेनं तडजोड देऊ केली होती. दंड माफ, व्याज बरंचसं माफ. तीन लाख दहा हजार भरा आणि घराचे कागद घेऊन जा. नव्वद दिवस दिले होते."

"कधीचं हाय हे?"

"मागच्या वर्षीच्या जूनचं."

मागच्या जूनमध्ये गोपालच्या विम्याचे अडीच लाख हातात आले होते. महागावचा भाऊ त्याच आठवड्यात येऊन म्हणाला होता, "बाई, आणखी लागले तं लाजू नको, सांग." हिशेब तिच्या डोक्यात आपोआप जुळला. जुळला नसता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"आता नाई का होत तसं?"

"ती मुदत गेली. आता लिलावाची तारीखही निघाली." त्यानं पेन टोपणात घातलं. "का नाही घेतलंत हो पत्र?"

उत्तर तिच्याजवळ होतं. नक्कल घडी करून पिशवीत टाकली आणि उठली.

गोपाल कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. शहराच्या कडेला, नव्या ले-आउटात दोन खोल्या बांधल्या तेव्हा स्लॅबवर पाणी मारायला तो डबा खायच्या सुट्टीत सायकल हाणत यायचा. डबा तसाच परत न्यायचा. पुढे किडनीचं दुखणं निघालं, यवतमाळच्या खेपा सुरू झाल्या आणि हप्ते मागे पडत गेले. जिनिंगमधल्या कोणीतरी त्याला अक्कल दिली : बँकेचं रजिस्टर पत्र पोस्टमनकडून घ्यायचंच नाही. सही नाही तर नोटीस नाही, नोटीस नाही तर जप्ती नाही. बुडणाऱ्याला काडी सापडावी तसं ते त्यानं धरलं. शेवटच्या दिवसांत, बोलताना धाप लागायची तेव्हाही, खाटेवरून तिचा हात धरून म्हणाला होता, "विजे, बँकेचं रजिस्टर आलं तं हात लावू नको. सही केली का घर गेलं समज."

मागे दुसरं काही ठेवून गेला नव्हता बिचारा. घर आणि एवढं एक वाक्य. तिनं दोन्ही जिवापाड जपली.

"वहिनी, घेऊन तं पाहा," पूनमसिंग दर वेळी म्हणायचा. "कागद काई चावते का?"

"नाई भाऊ. त्यायनं सांगतलं हाय."

"मंग काय लिहू?"

"लिहा जे लिहायचं ते. चहा घ्या अगुदर, थंडा होते."

घरी आली तेव्हा प्रेरणा कॉलेजातून येऊन बसली होती, नर्सिंगचा पांढरा ड्रेस अजून अंगातच. "काय म्हणे बँक?" म्हणत तिनं पिशवी ओढली आणि विजयमाला पाण्याचा घोट घेईपर्यंत कागद तिच्या हातात होता. पोरगी इंग्रजी वाचू शकत होती. एकदा वाचला, मग पुन्हा वरून वाचला.

"आई, हे वापस गेलं?"

"हो."

"काहून?"

विजयमालाने तांब्या खाली ठेवला. खरं सांगायला तोंड उघडलंही होतं तिनं.

"पप्पा मले नेहमी सांगे," प्रेरणाचा आवाज चिरकला, "कागद आला का पह्यले वाचत जाय, मंग ठेवत जाय. दहावीच्या फॉर्मवर मी न वाचता सही केली तं केवढे रागावले होते! तुले नाई सांगत होते का ते?"

लेकीला शिकवलेलं एक आणि भीतीनं धरलेलं दुसरं. माणूस तोच. पण एकोणीस वर्षांच्या पोरीला हे कसं समजावणार? बापाच्या सगळ्या वस्तूंमधली तिच्याकडे राहिलेली ही एकच धड वस्तू होती, की पप्पाला सगळं समजत होतं.

"सांगे ना," विजयमाला म्हणाली.

"मंग?"

"मीच नाई आयकलं. भेव वाटलं मले."

प्रेरणाने कागद घडी करून तिच्या पुढ्यात टाकला. मग म्हणाली, "तुह्या भेवापायी घर गेलं पप्पाचं."

त्यानंतरचे दिवस दोघींनी सामान बांधलं. पोरगी 'हो', 'नाई' आणि 'दोरी दे' यापलीकडे बोलली नाही. जेवायला ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जायची. विजयमाला तिच्या ताटात हळूच भाकरीचा पापुद्रा जास्तीचा ठेवायची, तो तसाच परत यायचा.

बुधवारी पूनमसिंग आला, खांद्याला झोळी नाही, हातात टोपी. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"वहिनी, मले आज समजलं त्या पाकिटात काय होतं ते. गोपालभाऊनं तुमाले..."

तिनं हात वर केला आणि डोळ्यांनी आतली खोली दाखवली. प्रेरणा तिथं भांड्यांचं बोचकं बांधत होती. "बसा ना भाऊ," विजयमाला मोठ्यानं म्हणाली. "कप बांधले सारे, पेल्यात देतो चहा."

त्याला उमगलं. आवाज उतरवून म्हणाला, "पोरीले ठाऊक नाई?"

"नाई. अन् तुम्हीही सांगू नका."

"पण बोलणं तुमाले बसून राह्यलं ना."

"बसू द्या. मी हाय ना आयकून घ्यायले. ते कुठं येते आता जवाब द्यायले?"

पूनमसिंगनं त्या दिवशी चहा घेतला नाही. नुसतंच पाणी प्यायला आणि पेला विसळून पालथा घालून गेला.

गुरुवारी तहसीलचे दोघं, बँकेचा साहेब आणि दोन पोलीस बाया असे सगळे साडेदहालाच आले. पोलीस बायांना कशी कुणास ठाऊक, पण तिच्यापेक्षा जास्त लाज वाटत होती. त्या कंपाउंडपाशीच थांबल्या. नासिर टेम्पोवाला सामान चढवत होता.

"वहिनी, या कपाटात दगडं भरले का जी? का नोटा?"

"नोटा असत्या तं तुमाले बोलावलं असतं का नासिरभाऊ?"

तो हसला, मग हसल्याचं त्यालाच वाईट वाटलं. टेम्पोच्या भाड्याचं विचारल्यावर म्हणाला, "राहू द्या, तुमचं साड्यांच्या पिकोचं मशीन पह्यले लावा त्या किरायाच्या खोलीत. मंग पाहू."

साहेबांनी दोन्ही खोल्या फिरून पाहिल्या. "ताई, काही राहिलं का आत?"

"नाई," ती म्हणाली, आणि कुलूप लागताना पाहत उभी राहिली नाही. टेम्पोत जाऊन बसली.

मागच्या हौद्यात गादीच्या वळकटीवर माय-लेकी बसल्या. एप्रिलचं ऊन माथ्यावर आलं होतं. टेम्पो ले-आउटच्या कच्च्या रस्त्यावरून हेलकावत निघाला. वळणापर्यंत प्रेरणा मागे पाहत राहिली.

"पप्पा असते ना," ती म्हणाली, चार दिवसांतलं पहिलं पूर्ण वाक्य, "तं त्यायनं हे होऊच देलं नसतं."

"हो माय," विजयमाला म्हणाली. "नसतंच होऊ देलं."

रस्ता डांबरी लागला तसा ऊन-वारा तोंडावर येऊ लागला. विजयमालाने पदराचं टोक लांबवून लेकीच्या डोक्यावर धरलं. प्रेरणाने मान दुसरीकडे वळवली, पण पदर झटकला नाही.