एकेचाळिसावी बाटली

शाळा सोमवारी उघडणार होती आणि गुरुवारी सकाळी मामांनी प्रयोगशाळेचं कुलूप काढलं. आजाराच्या साथीपायी दीड वर्ष बंद असलेली ती खोली. मामा अधूनमधून येऊन झाडलोट करून जात, पण खिडक्या लावलेल्या, वीज बंद, त्यामुळे जे काही व्हायचं ते अंधारात. आज खिडक्या उघडल्या, ऊन आत आलं, आणि मामा दारातच थबकले.

फळ्यांवर एकेचाळीस बाटल्या जागच्या जागी होत्या, पण एकीवरही चिठ्ठी नव्हती. काहींवर कागदाची जाळी उरली होती, काहींवर नुसता पिवळा डाग. कसर लागली होती. दीड वर्ष त्या बारीक चंदेरी किड्यांनी मनसोक्त जेवण केलं होतं.

मामा या खोलीचे शिपाई. बत्तीस वर्षं त्यांनी इथली काच धुतली, पुसली, जपली. नोकरीला लागले तेव्हा त्यांना सही येत नव्हती. वयाच्या चाळिशीत ते अक्षर ओळखायला लागले, तेही याच बाटल्यांवरून. 'ग' गंधकाचा, 'त' तुरटीचा. त्यामुळे चिठ्ठ्या गेल्या म्हणजे आपलं पहिलीचं पुस्तकच कोणी खाल्लं, असं त्यांना वाटलं.

आणखी एक गोष्ट त्यांच्या पोटात होती. ती त्यांनी पोटातच ठेवली.

विज्ञानाच्या बाई आल्या. वय पस्तिशीचं, चष्मा कायम डोक्यावर आणि त्याचा शोध कायम पर्समध्ये. त्यांनी फळीवरून एक नजर फिरवली आणि म्हणाल्या, "अरे वा! सगळ्या एकजात अनोळखी. आपली मुलंसुद्धा दीड वर्षानं अशीच दिसणार. मिशा फुटलेली, उंच झालेली, ओळखू न येणारी."

"बाई, तुम्हाला हसू कसं येतं?"

"रडले तर चष्मा कुठे पुसू, तोच सापडत नाहीये."

एवढ्यात गणिताचे सर डोकावले. हातात मोजमापाची फीत, कानाला पेन्सिल. नव्या नियमाप्रमाणे मुलांना अंतर ठेवून बसवायचं होतं, म्हणजे वर्ग वाढणार आणि खोल्या मात्र तेवढ्याच. सरांनी प्रयोगशाळा मोजायला घेतली.

"सर, काय शिवताय खोलीला?" बाईंनी विचारलं.

"अठरा बाकं बसतात. बाई, विज्ञानाला खोली लागते, गणिताला नुसतं डोकं. त्याग कोणी करायचा ते उघड आहे."

"तुमच्या डोक्यात एवढी मोकळी जागा आहे, तर बाकं तिथेच लावा की!"

सर मनापासून हसले. भांडण दोघांना आवडायचं, पण फीत काही त्यांनी गुंडाळली नाही. मागोमाग मुख्याध्यापिका आल्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी फळ्या पाहिल्या आणि निवाडा दिला. मुलं येणार त्या इमारतीत ओळख न पटलेली एकही बाटली चालणार नाही. शनिवारी दुपारी बारापर्यंत एकेचाळीसच्या एकेचाळीस बाटल्यांवर नावं दिसली तर प्रयोगशाळा राहील. नाहीतर बाटल्या बाहेर, बाकं आत.

"आणि मामा फाटकावर," त्या म्हणाल्या. "मुलांचा ताप बघायला, हात धुवायला लावायला माणूस हवाच आहे."

ते काम वाईट नव्हतं, पण मामांच्या हाताला काचेची सवय होती. घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "चिठ्ठ्या कसरीनं खाल्ल्या, तुमची अक्कल तर नाही ना खाल्ली? बत्तीस वर्षं बाटल्या पुसताय. सांगून टाका कुठली कुठे ते!"

मामांनाही ते पटलं. शुक्रवारी सकाळी ते बाईंसमोर ताठ उभे राहिले. "बाई, तुम्ही फक्त लिहा. मी डोळे मिटून सांगतो. वरच्या फळीवर पहिलं मोरचूद."

"निळं दिसतंच आहे. पण तपासू."

"दुसरं गंधक."

"पिवळं आहे. तपासू."

दहा बाटल्या झाल्या, वीस झाल्या. मामा सांगत, बाई कधी वात पेटवून ज्योतीचा रंग बघत, कधी पाण्यात टाकून कागद बुडवत, कधी व्हिनेगरचा थेंब टाकत, आणि मग लिहीत. प्रत्येक वेळी मामाच बरोबर. तिसाव्या बाटलीला मामांचा संयम सुटला.

"बाई, एक विचारू? माझ्यावर विश्वास नाही का?"

"तुमच्यावर आहे मामा. बाटलीवर नाही."

मामांनी पुढची बाटली सरकवली, पण घुश्श्यातच. चौतीस बाटल्या पार पडल्या. मग आली सहावी फळी. तिच्यावर सहा बाटल्या, सगळ्यांत पांढरी पूड, दिसायला सख्ख्या बहिणी. मामांनी डावीकडून बोट फिरवलं आणि पाढा म्हणावा तसं म्हणाले, "चुना, धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा, नवसागर, तुरटी, खडूची पूड. संपलं."

बाईंनी पहिलीतली चिमूटभर पूड पाण्यात ढवळली आणि लिटमसचा तांबडा कागद त्यात बुडवला. चुन्याच्या पाण्यात तो निळा व्हायला हवा. कागद तांबडा तो तांबडाच राहिला.

मामा लगेच म्हणाले, "कागद जुना झालाय. दीड वर्ष पडून होता."

त्यांना वाटलं, बाई आता हसतील. बाई हसल्या नाहीत. "असू शकतं," त्या म्हणाल्या, "आधी माझा कागद तपासते." त्यांनी हात धुवायच्या साबणाचं पाणी केलं आणि त्यात त्याच डबीतला दुसरा कागद बुडवला. तो झटक्यात निळा झाला. कागद ठणठणीत होता.

मग त्यांनी पहिल्या बाटलीतल्या पुडीवर व्हिनेगरचा थेंब टाकला. पूड फसफसली.

"हा खडू दिसतोय," बाई म्हणाल्या. "पण थांबा. चुना फार दिवस हवा लागून पडला की हवेतला वायू ओढून घेतो आणि त्याचा खडूच होतो. म्हणजे तुम्ही ठेवलेला चुनाच असेल, त्यानं रूप बदललं असेल. तुमचं चुकलं असं अजून म्हणता येत नाही."

मामा त्यांच्याकडे बघतच राहिले. आजवर त्यांनी खूप शिकलेली माणसं पाहिली होती. चूक सापडली की ती कशी खूश होतात, हेही पाहिलं होतं. ही बाई आधी स्वतःचा कागद तपासते आणि नंतर समोरच्याच्या बाजूनं वकिली करते. मामांचा सगळा घुस्सा उतरला.

"दुसरी बघा," ते हळूच म्हणाले.

दुसरीत धुण्याचा सोडा असायला हवा होता. व्हिनेगरचा थेंब पडला तरी पूड ढिम्म. उलट तिच्या पाण्यात निळा कागद तांबडा झाला. सोडा असं कधीच करत नाही. इथे कुठलीच वकिली चालणार नव्हती. बाईंनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला आणि वाट बघत बसल्या.

मामा स्टुलावर टेकले. एकदम त्यांना आठवलं. मागच्या वर्षी या फळीचा खिळा निघाला होता. अंधारातच त्यांनी सहा बाटल्या टेबलावर ओळीनं उतरवल्या, टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले, खिळा ठोकला, आणि पलीकडूनच, आपल्या डाव्या हाताची बाटली आधी उचलून, त्या परत लावल्या. चिठ्ठ्यांकडे बघितलंही नाही. हाताला पाठ असताना बघायचं कशाला?

"बाई, अख्खी फळीच उलटी लागलीय. पहिली ती शेवटची, शेवटची ती पहिली."

बाईंचे डोळे चमकले. "मग सांगा. तिसरीत काय?"

"नवसागर. आणि चुना अगदी उजवीकडे, सहावीत."

"सहावी अजून आपण उघडलेलीसुद्धा नाही."

"तरी तिथे चुनाच."

बाईंनी तिसरीतली थोडी पूड घेतली, सहावीतली थोडी घेतली, दोन्ही ओलसर करून नळीत मिसळल्या आणि नळी जराशी तापवली. नवसागर आणि चुना एकत्र तापले की असा वास सुटतो की मेलेला माणूस उठून बसावा. दोघंही मागे सरकले, दोघांच्याही डोळ्यांतून पाणी आलं, आणि डोळे पुसत पुसत बाई टाळ्या वाजवायला लागल्या.

"मामा! तुम्ही आधी सांगितलंत आणि मग ते घडलं!"

उरलेल्या बाटल्याही मामांनी सांगितल्या तशाच निघाल्या. बाईंनी वहीत लिहिलं: 'सहावी फळी उलटी. शोध मामांचा. चूकही मामांची.' आणि ते वाचूनही दाखवलं.

"चूक कशाला लिहिलीत?" मामांनी विचारलं.

"ती नसती तर शोध कुठून आला असता? मी कॉलेजात संशोधन करत होते ना, तिथले माझे प्राध्यापक कधीच चुकत नसत. माझे तीन आकडे त्यांच्या म्हणण्यात बसेनात, तर म्हणाले, तीन आकडे गाळून टाका. मी आकडे ठेवले आणि कॉलेज गाळलं. तिथे माणसाच्या नावामागे इतक्या पदव्या असतात की 'मला माहीत नाही' हे म्हणायला जागाच उरत नाही."

मामांच्या पोटातली गोष्ट आता राहवेना. "बाई, चिठ्ठ्या कसरीनं खाल्ल्या, पण कसरीला जेवायला मी बोलावलं. डिंकाच्या बाटल्या यायच्या बंद झाल्यापासून मी घरून पिठाची खळ शिजवून आणत होतो. पीठ आणि कागद. त्यांची मेजवानीच झाली."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं शाळेच्या चिठ्ठ्या तुमच्या घरच्या पिठावर चिकटल्या होत्या?" आणि थोड्या वेळानं, "बरं, आता कशानं लावायच्या?"

"लावायच्याच नाहीत. काचेवर रंगानं लिहितो. बारीक ब्रश आहे माझ्याकडे."

शनिवारी सकाळपासून मामा लिहीत बसले. पांढरा रंग, उंदराच्या शेपटीएवढा ब्रश, जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात. अक्षर मोठं होतं, थोडं उताराला लागलेलं, पण कुठल्याही मुलाला लांबून वाचता आलं असतं. साडेअकराला चाळीस बाटल्या झाल्या.

एकेचाळिसावी खालच्या कोपऱ्यात होती. स्वच्छ, पाण्यासारखा द्रव, काचेचं बूच. आणि बूच असं घट्ट बसलेलं की हलेना. बाईंनी जोर लावायला मनाई केली. आत काय आहे ते कळत नसताना काच फुटली तर काय घ्या? न उघडता तपासायचं कसं? मामा आठवायला लागले. त्या कोपऱ्यात एकसारख्या दोन बाटल्या असत. एकीत साधं शुद्ध पाणी, दुसरीत तेजाब, म्हणजे जहाल आम्ल. शाळा बंद व्हायच्या आठवड्यात त्यांनी एक रिकामी करून, धुऊन कपाटात ठेवून दिली होती. कुठली?

बाराला पाच कमी असताना दारात सावल्या पडल्या. गणिताचे सर एक बाक घेऊनच आले होते, मागे मोठ्या बाई. सर एकेक बाटली मोजत गेले. "एकोणचाळीस, चाळीस... आणि ही कोरी?"

"बूच अडकलंय," बाई म्हणाल्या. "तपासता आली नाही."

मोठ्या बाईंनी घड्याळ बघितलं. त्याही काही दगडाच्या नव्हत्या. बाकीच्या चाळीस बाटल्यांवरचं ते उताराला लागलेलं अक्षर त्या बघत होत्या. "मामा, बत्तीस वर्षं झाली तुम्हाला. तुम्ही सांगाल ते मी मानते. पाणीच ना? लिहून टाका पाणी. मी सही करते."

ब्रश मामांच्या हातात होता. दोन अक्षरांचं काम. दोन अक्षरं लिहिली की खोली राहते, काच राहते, फाटक टळतं. आणि पाणी असेलही. बहुतेक पाणीच. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली नाही, डोळा मिचकावला नाही, काहीच सुचवलं नाही. त्या वाट बघत होत्या, शुक्रवारी बघत होत्या तशीच.

मामांनी ब्रश रंगात बुडवला आणि लिहायला घेतलं. गणिताचे सर वाकून वाचायला लागले, "मा... ही... त..." आणि थांबले.

'माहीत नाही' असं लिहून मामांनी खाली तारीख घातली.

सर सावकाश सरळ झाले. मग म्हणाले, "बाई, वीस वर्षं पेपर तपासतोय. असं उत्तर लिहिणारा एक विद्यार्थी मिळाला नाही. सगळे काहीतरी ठोकून देतात."

"तुमच्या फटक्यांना भिऊन," बाई म्हणाल्या, पण आवाज जरा ओला होता.

मोठ्या बाईंनी वाकून बाटलीवरचं अक्षर वाचलं. "पाणी लिहिलं असतंत तर मी सही केली असती," त्या म्हणाल्या, "आणि सोमवारपासून रोज त्या कोपऱ्याकडे बघून जीव टांगणीला लागला असता. आता निदान या चाळीस तरी खऱ्या आहेत, एवढं कळलं." त्यांनी पेन मागितलं. "ही बाटली आजच्या आज इमारतीबाहेर जाईल. बाकीच्या राहतील. सर, ते बाक ग्रंथालयात न्या."

"एकटा?"

"गणिताला नुसतं डोकं लागतं ना? डोक्यावर घ्या," बाई म्हणाल्या.

एकेचाळिसावी बाटली वाळूच्या बादलीत उभी करून बाईंनी आपल्या जुन्या कॉलेजात पोचवली. तिथल्या एका मैत्रिणीनं ती जपून उघडून बघायचं कबूल केलं होतं.

सोमवारी मुलं आली. खरंच ओळखू येत नव्हती. एक मुलगी फळीशी रेंगाळली, एकेक नाव मोठ्यानं वाचत खालच्या कोपऱ्यापर्यंत आली. धुळीत एक गोल डाग तेवढा उरला होता. मामांनी तो मुद्दामच पुसला नव्हता.

"मामा, इथे काय होतं?"

"माहीत नाही," मामा म्हणाले, आणि हातातलं फडकं खांद्यावर टाकून ताठ उभे राहिले. "शोध चालू आहे."