टाकीतला उसासा

कारखान्यातल्या उंच टाकीभोवती पाळीतले सगळे कामगार जमले होते, कामं वाऱ्यावर सोडून. आत्मे बोलावणाऱ्या बाबांनी चिमूटभर राख उधळली आणि टाकीच्या काचेला तोंड लावून हाळी दिली, "आलास का रे?"

आतून खोल, ओला उसासा आला. हुऽऽस्स.

पुढे उभ्या असलेल्या विधवेच्या अंगावर सर्रकन काटा आला. जंतूंकडून डिंक बनवून घेणाऱ्या याच कारखान्यात, याच टाकीच्या शिडीवर तिचा नवरा छाती धरून कोसळला होता. झोपेत तो असेच उसासे टाकायचा. भीती वाटत होतीच, पण हे खरं असावं असंही तिला फार वाटत होतं.

"बायकोच्या पायगुणानं गुदमरलास?"

हुऽऽस्स!

"ऐकलंत? आत्म्याला ना रजा, ना सुट्टी, आणि खोटं तर तो बोलतच नाही! बाई, त्याच्या जागेवर लागलेली नोकरी सोड, खोली दिराच्या हवाली कर. तरच तो सुटेल."

दीर मान खाली घालून हवेच्या वॉल्व्हशी उभा होता. "वहिनी, दादाचे हाल बघवत नाहीत हो."

ती हो म्हणणारच होती. तेवढ्यात प्रयोगशाळेतल्या केमिस्टबाई गर्दीतून पुढे आल्या. त्यांनी दिराला बाजूला सारलं आणि वॉल्व्ह स्वतः धरला. "विचारा आता."

बाबांनी विचारलं. मग बेंबीच्या देठापासून ओरडून विचारलं. टाकी आपली नुसती रटरटत राहिली.

"माझ्यावर रुसला वाटतं," बाई म्हणाल्या. त्यांनी सोबत आणलेल्या बरणीभर पाण्यात नळी बुडवून फुंकलं. बारीक बुडबुडे सळसळत वर गेले. दुसऱ्या बरणीत टाकीतलाच रस होता, खळीसारखा दाट. त्यातली नळी त्यांनी तिच्या हातात दिली. "जोरात फुंका."

तिनं फुंकलं. बुडबुडे एकमेकांत मिसळले, त्यांचा मोठा फुगा झाला, वर आला आणि फुटला. हुऽऽस्स.

तोच उसासा. तिचे डोळे घळाघळा वाहू लागले.

"या टाकीत पंखा नाही, खालून सोडलेली हवाच रस ढवळते," बाई हळूच म्हणाल्या. "डिंक तयार होतो तसा रस दाटतो. मग हवा वाढवली की असे मोठे फुगे सुसाट वर पळतात, प्राणवायू रसात उतरतच नाही. तुमचे दीर मेलेल्याला श्वास देत होते आणि आतले जिवंत जंतू गुदमरत होते."

बाबा राखेची पुरचुंडी आवरू लागले. दीर चाचरला, "वहिनी, मला बाबांनीच सांगितलं होतं, खूण केली की हवा वाढव..."

"भाऊजी, माझ्यासाठी ते आज दुसऱ्यांदा गेले." तिनं डोळे पुसले आणि ती गर्दीकडे वळली. "मेलेला माणूस बोलतोय असं कुणी सांगितलं, तर हात जोडायच्या आधी वॉल्व्हवर कुणाचा हात आहे ते बघा."