फळ्याला टाळ्या, मला कांदा

मित्रांनो, मी हर्सूलच्या एका शाळेतला जुना सूक्ष्मदर्शक आहे. वय झालंय, मान कुरकुरते. पण हेवा अगदी ठणठणीत आहे. समोरच्या भिंतीवर टांगलेल्या डिजिटल फळ्याचा हेवा.

पितळेची नळी, काचेची भिंगं आणि लाकडी पेटी घेऊन मी कारखान्यातून इथं आलो, तेव्हा मला बघायला दारात गर्दी झाली होती. पुढं वर्षानुवर्षं एकच काम केलं: वैजापूरच्या कांद्याचा पापुद्रा दाखवणं. माझ्यापुढं रांग लागायची. एकेकानं डोळा लावायचा, "दिसलं!" म्हणायचं आणि पुढं सरकायचं. त्या एका शब्दावर मी जगत होतो.

मग फळा आला. त्याच्यावर हृदय धडधडायचं, ग्रह फिरायचे. त्याला मखमली पडदा, मला धूळ. खंडेनवमीला त्याला झेंडूचा हार घातला आणि उरलेलं कुंकू माझ्या भिंगाला लावलं. आठवडाभर मुलं वहीत लिहीत होती, 'कांद्यात रक्त असते.' फळा तेव्हा हसला असणार. माझ्याकडं पुरावा नाही.

शेवटी विज्ञानाच्या सुलेखाबाई म्हणाल्या, "आजचा तास झाला की याला अडगळीच्या खोलीत ठेवू. फळ्यावर सगळं दिसतंच."

मित्रांनो, आमच्या हर्सूलच्या तुरुंगातल्यांना निदान सुटायची तारीख असते. अडगळीत ती सोय नाही.

शेवटची रांग लागली. गोकुळनं डोळा लावला. "दिसलं!"

मागून यास्मिन आली. तिनं एक डोळा मिटला, मग दुसरा, मग दोन्ही. "बाई, मला कायबी दिसंना."

"दिसलं म्हन अन् सरक की!" गोकुळ म्हणाला.

"न दिसता कसं म्हनू? तुला काय दिसलं, सांग."

"काळं काळं... केसाळ."

"त्या तुझ्याच पापण्या हायेत, येड्या!"

वर्ग खदखदला. मग एकेक हात वर झाला. कुंकवाचा तो आठवडा सोडला, तर सगळ्यांनी आजवर आपापल्या पापण्याच बघितल्या होत्या! मी मनातून पार खचलो.

यास्मिननं मात्र शाळेचा टॅब उचलला आणि त्याचा कॅमेरा माझ्या नळीवर टेकवला. बाईंनी टॅबची तार फळ्याला जोडली, माझा स्क्रू हळूहळू फिरवला आणि भिंतभर कांदा पसरला. विटा रचाव्यात तशा पेशीच पेशी.

"अल्ला! कित्ती घरं!" यास्मिन ओरडली. "कांद्यात तर अख्खी कॉलनी हाय!"

"बाई, आता खरंच दिसलं," गोकुळ हळूच म्हणाला.

टाळ्या कडाडल्या. सगळ्यांची तोंडं फळ्याकडं! भिंग माझं, कांदा माझ्या पोटाखाली आणि मान त्याला.

"बाई, याला अडगळीत नका टाकू," यास्मिन म्हणाली. "हा गेला तर फळा कांदा कुठून आननार?"

"व्हय गं," बाई हसल्या. "राहू दे दोघांना जोडीनं."

तेव्हापासून मी त्या फळ्याला तारेनं बांधलेला आहे. मागच्या बाकावरच्यांनाही आता पेशी दिसतात, हे मला मान्य करावं लागतं. आवडतंच असं नाही.

मित्रांनो, नवी यंत्रं जरूर आणा, पण मला पेटीत जपून ठेवू नका. कामाला लावा आणि मऊ फडक्यानं पुसा. पितळ हाताळल्यानंच चकाकतं. आणि पुसताना माझं तोंड जरा फळ्याकडं असू द्या. त्यालाही थोडं जळू द्या.